आयरेसिंगवर टीम एन्ड्युरन्स: सोलापुरातून चालवणाऱ्याचा रिव्ह्यू

आयरेसिंग, म्हणजे घरी व्हील-पेडल लावून इंटरनेटवर दुसऱ्या माणसांसोबत रेस लावायचा कॉम्प्युटरवरचा सिम्युलेटर, घ्यावं का, असं ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच. एकट्यानं रेसिंग करण्यावर भरपूर लोकांनी लिहून ठेवलंय, ते मी परत लिहीत बसत नाही. मला सांगायचंय ते टीम एन्ड्युरन्सबद्दल. म्हणजे गाडी एक, ड्रायव्हर तीन-चार, रेस सहा तासांपासून पार चोवीस तासांपर्यंत, आणि मधे पिटमध्ये (ट्रॅकशेजारी पेट्रोल-टायरसाठी थांबायची जागा) थांबून एकानं उतरायचं, दुसऱ्यानं बसायचं. सोलापुरात बसून ह्याच्यासाठी पैसे घालावेत का? माझं मत आधीच सांगून टाकतो. घालावेत, डोळे झाकून घालावेत, पण चार जण जमल्यावरच, आणि त्या चारातला एक जण कोण कधी चालवणार त्याची शीट भरणारा, सगळ्यांना फोन करणारा, पाठीमागं लागणारा पाहिजे. तसा माणूस नसेल तर सॉफ्टवेअर कितीबी भारी असू दे, रात्री तीन वाजता गाडी पिटमध्ये उभी राहणार आणि बसायला कुणी नसणार.

आमची टीम अशी आहे. मी जुळे सोलापुरात, मावसभाऊ पुण्यात आयटीत, एक कोल्हापूरचा दोस्त, आणि चौथे अण्णा, त्यांचं टॉवेलचं युनिट आहे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. वयानं आमच्यापेक्षा बरेच मोठे, पण लॅप टायमिंग एवढं सारखं की पंचवीस लॅप बघितले तर पहिला कुठला आणि शेवटचा कुठला सांगता येत नाही. एन्ड्युरन्सला असाच माणूस लागतो. एका लॅपला अर्धा सेकंद फास्ट जाऊन दहाव्या लॅपला भिंतीत घालणारा नको.

आता मूळ गोष्ट, ड्रायव्हर चेंज. हे आयरेसिंगनं लई नीट केलंय. गाडी टीमच्या नावावर रजिस्टर होते, एका ड्रायव्हरच्या नाही. कुणीबी मेंबर टीम बनवतो, बाकीच्यांना इन्व्हाइट पाठवतो, रेसला रजिस्टर करतो आणि सगळे एकाच सेशनमध्ये येतात. एक जण चालवतो, बाकीचे बघत बसतात. पिटची वेळ झाली की चालवणारा आपल्याच पिट बॉक्समध्ये येऊन थांबतो, पेट्रोल आणि टायरचं काम सुरू होतं, तो गाडीतून बाहेर पडायचं बटण दाबून धरतो, आणि पुढचा आपल्या घरून आत बसतो. गाडी तीच. म्हणजे खरंच तीच! आधीच्यानं टायर जाळले असतील आणि ते बदलले नाहीत तर ते जळलेले टायर तुमच्या वाट्याला, त्यानं पुढचा बंपर वाकवला असेल तर सरळ रस्त्यावर गाडी ओढणार ती पण तुमचीच. इन्सिडंट पॉइंट, म्हणजे धडक, ट्रॅक सोडणं असल्या चुकांचे गुण, सुद्धा टीमच्या खात्यात जमा होत राहतात. खो-खोत पाठीवर थाप पडली की उठून पळायचं असतं, मैदान कसल्या अवस्थेत आहे विचारायचं नसतं, तसंच आहे हे.

पहिल्यांदा करणाऱ्यांना एक सांगून ठेवतो, बॉक्सच्या बाहेर चुकून गाडीतून उतरायचं नाही. ट्रॅकवर उतरलात तर ती टो, म्हणजे गाडी ओढून पिटमध्ये आणलेली, धरली जाते आणि टोचा वेळ तुम्ही पिटपासून किती लांब आहात त्याच्यावर लागतो. आणि आत बसल्याबसल्या पहिलं काम म्हणजे ब्रेक बायस (पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकची वाटणी), ट्रॅक्शन कंट्रोल म्हणजे टीसी (गॅस देताना चाकं घसरू न देणारं) बघून घ्यायचं, प्रत्येकाची आवड वेगळी असते. आमच्यात हे बोलूनच होतं. अण्णा उतरताना सांगतात, "मागचं टायर गेलंय बघ, टीसी दोननं वाढव, बस जा तू." मावसभावाला मी म्हणतो, "टर्न वनला ब्रेक लवकर मार बे, टायर गार आहेत." दोन वाक्यं पुरतात, पण ती दोन वाक्यं बोललीच पाहिजेत.

ह्याची प्रॅक्टिस स्वस्तात कशी करायची ते सांगतो, कारण लोक थेट मोठ्या रेसला जातात आणि पहिल्याच स्टॉपला गोंधळ होतो. मेंबरशिपसोबत जे फुकट मिळतं त्यात माझदा एमएक्स-५ आहे आणि लागुना सेकाचा ट्रॅक आहे. म्हणजे सगळ्यांकडं आधीपासूनच आहे, कुणाला काही विकत घ्यायला नको. स्वतःचं होस्टेड सेशन, म्हणजे आपल्यापुरता भाड्यानं घेतलेला सर्व्हर, तासाला अर्ध्या डॉलरला मिळतं, त्यात टीमचा पर्याय चालू करायचा आणि दर पाच-सहा लॅपला आत येऊन नुसती अदलाबदल करायची. लॅप टायमिंगकडं बघायचंच नाही. कोण कधी उतरतं, कोण कधी बसतं, आवाज कुणाचा ऐकू येत नाही, कुणाचा व्हील बसल्यावर जागा होत नाही, हे सगळं इथंच कळून जातं.

दुसरी गोष्ट फेअर शेअर. हा नियम मला मनापासून आवडतो. चार जण असतील तर सगळ्यांना सारखे वाटून जेवढे लॅप येतील त्याच्या निदान पाव भाग तरी प्रत्येक ड्रायव्हरनं चालवलाच पाहिजे. डेटोना २४, म्हणजे डेटोनाच्या चोवीस तासांच्या रेसचं उदाहरण घ्या. समजा टीमनं ७६० लॅप मारले, चौघांत १९० येतात, त्याचा पाव म्हणजे ४८ लॅप. जीटी३ गाडीला (स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या रेस गाड्यांचा वर्ग) तिथं लॅपला पावणेदोन मिनिटांच्या वर थोडा वेळ लागतो, म्हणजे साधारण दीड तास गाडी चालवणं आलं. दीड तास हे नोकरी-धंद्यावाल्या माणसाला जमण्यासारखं आहे, आणि नुसतं नाव लावून एकाच फास्ट माणसाकडून रेस ओढून घेणं पण बंद होतं. कमी वेळ असलेला माणूस टीममध्ये राहू शकतो, पण हजेरी लावून पळता येत नाही.

वेळेचं म्हणाल तर हे वरच्या लेव्हलचे लोक पण करतातच. मे २०२४ मध्ये मॅक्स वर्स्टापेननं रविवारी इमोलाची फॉर्म्युला वन रेस जिंकली आणि त्याच वीकेंडला टीम रेडलाइनकडून आयरेसिंगच्या नुरबर्गरिंग २४ मध्ये पण गाडी चालवली, ती पण त्यांच्या टीमनं जिंकली. टीममध्ये विभागून असतं म्हणूनच हे शक्य होतं. अण्णांचं पण तेच. शनिवारी संध्याकाळी कारखान्याचा हिशोब, कामगारांचं बघून ते साडेनऊनंतर मोकळे होतात, तर त्यांचा स्टिंट, म्हणजे गाडी चालवायची पाळी, दहाच्या आधी लावायचाच नाही हे आमच्याकडं ठरलेलं.

आता टायमिंग. मोठ्या स्पेशल इव्हेंटला वेगवेगळे स्लॉट असतात, त्यातला शनिवारी दुपारी बारा जीएमटीचा स्लॉट आपल्याला बरा पडतो, इथं साडेपाच वाजलेले असतात. सात जीएमटीचा म्हणजे आपला दुपारी साडेबारा, तो पण चालतो, उलट रविवारी दुपारी संपतो आणि सोमवारी कामावर जायला झोप मिळते. शुक्रवारी बावीस जीएमटीचा मात्र आपल्याकडं शनिवारी पहाटे साडेतीनला सुरू होतो, त्याच्या नादाला लागू नका. साडेपाचला सुरू केलं की डेटोनाला रात्री दहाच्या आसपास गेममध्ये अंधार पडतो आणि इकडं रविवारची सकाळ उजाडून गल्लीत दूधवाला, पेपरवाला येऊन गेला तरी स्क्रीनवर अजून रात्रच असते. पडदे लावून बसायचं, नाहीतर स्क्रीनवर उजेड पडून ब्रेकिंगचे बोर्डच दिसत नाहीत.

डेटोना जानेवारीत असते, म्हणजे आपल्या गड्ड्याच्या, सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसात. सोलापूरच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, होम मैदानावर गर्दी, घरी पाहुणे आलेले, पोरांना पाळण्यात बसवायला न्यायचं असतं. मी घरच्यांना आधीच दिवस सांगून ठेवतो आणि गड्डा त्याच्या आधीच्या आठवड्यात करून घेतो. शनिवारी घरात पाहुणे असतील तर हॉलमध्ये व्हील मांडून बसणं जमत नाही, त्यामुळं शीटमध्ये आमचा एक कॉलम "घरचं काय" असा आहे. ऐकायला साधं वाटतं, पण सगळ्यात जास्त उपयोग त्याच कॉलमचा होतो. कुणाचं लग्नकार्य, कुणाचा सोमवारचा प्रोजेक्ट, कुणाच्या पोरीची परीक्षा, हे आधी लिहून घेतलं की स्टिंट आपोआप बसतात.

शीट म्हणजे साधी गुगल शीट. एका ओळीत एक स्टिंट: आपली वेळ, गेममधली वेळ, ड्रायव्हर, स्टँडबाय, अंदाजे लॅप, आणि आतापर्यंतचे एकूण लॅप म्हणजे फेअर शेअर कुणाचा राहिलाय ते दिसतं. जीटी३ ला एका टाकीत तासाभराच्या आसपास जातं, म्हणून डबल स्टिंट केला की एक माणूस दोन तास आत, बाकीच्यांना झोप. रात्री एक ते सकाळी सातमध्ये आम्ही ट्रिपल करतो. दर तासाला उठून बसण्यापेक्षा एकदाच तीन तास चालवून मग सलग पाच तास झोपलेलं शरीराला परवडतं. रेस पुढं सरकेल तसं शीट बदलायचं, गाडीचं नुकसान झालं, पाऊस आला (मार्च २०२४ पासून आयरेसिंगमध्ये पाऊस पण आलाय, त्यामुळं हवामान असलेल्या रेसला सगळं गणितच हलतं), तर बदल एकच जण करणार, बाकीच्यांनी हात लावायचा नाही.

त्यातला स्टँडबाय हा कॉलम आमच्या टीमचा कणा आहे. नियम असा की सेशनमध्ये कायम दोन जण पाहिजेत. एक चालवणारा, दुसरा व्हील लावून, हेडफोन घालून बसलेला. कारण लाईट. आपल्याकडं मेमध्ये उन्हाचा कडाका, पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या घरात, संध्याकाळी वळीव आला की वारा सुटतो आणि लाईट जाते, ह्यात नवल काहीच नाही. आयरेसिंगमध्ये ड्रायव्हरचं कनेक्शन तुटलं तर गाडी टो होऊन पिटमध्ये येते, आणि टीममधला दुसरा माणूस तिच्यात बसून पुढं जाऊ शकतो. रेस संपत नाही! एकट्याच्या रेसला हे नाही, तिथं लाईट येईपर्यंत गाडी उभीच. मला ह्या सेवेत सगळ्यात जास्त पैसे वसूल वाटतात ते इथं. सोलापुरात एकट्यानं सहा तासांची रेस करणं म्हणजे नशिबावर सोडणं, पण तीन गावांतली चार माणसं असली की एका गावची लाईट गेल्यानं काही बिघडत नाही.

मोठमोठ्यांचं पण होतं म्हणा. जानेवारी २०२३ मध्ये व्हर्च्युअल ल मान्स २४ तासला, ती आरफॅक्टर २ ह्या दुसऱ्या सिम्युलेटरवर चालायची, वर्स्टापेनची गाडी पुढं असताना कनेक्शन गेलं आणि त्यानं वैतागून रेस सोडली. तेव्हा राऊटरला छोटा यूपीएस लावा, पीसीला मोठा लावा, वायफाय अजिबात नको, केबल ओढा. यूपीएस घेताना एक हिशोब करा, जो मी कुठं लिहिलेला बघितला नाही. तुमचा बॅकअप एका लॅपपेक्षा जास्त पाहिजे. डेटोनाला लाईट गेली तर जास्तीत जास्त पावणेदोन-दोन मिनिटांत तुम्ही पिटमध्ये येता, गेमिंग पीसीला साधा हजार व्हीएचा यूपीएस तेवढं सहज देतो. स्पाच्या ट्रॅकला सव्वादोन मिनिटांच्या वर, ते पण जमतं. पण नुरबर्गरिंग २४ चा लेआउट २५ किलोमीटरच्या वर आहे, जीटी३ ला सव्वाआठ मिनिटांच्या आसपास लागतात, आणि ती रेस नेमकी मेच्या आसपास येते. लॅपच्या सुरवातीला लाईट गेली तर हजार व्हीए पुरेलच असं नाही, आणि लांबून टो म्हणजे बराच वेळ पाण्यात. म्हणून त्या रेसला आम्ही दुपार-संध्याकाळचे स्टिंट पुण्या-कोल्हापूरकडं देतो आणि सोलापूरवाले आम्ही रात्री उशिरा आणि सकाळी बसतो. उकाड्याचं पण तसंच, दुपारी चार वाजता हातमोजे घालून दोन तास चालवणं म्हणजे माणूस घामानं निथळतो, व्हील सुटतं हातातून.

पिंगची काळजी बरेच जण करतात. युरोपातल्या सर्व्हरला आपल्याकडून दीडशेच्या आसपास येतं, आणि माझ्या मते एन्ड्युरन्सला ते चालून जातं, फक्त दुसऱ्याच्या दाराला दार लावून ब्रेक मारायचा नाही, अर्धी गाडी जास्त जागा सोडायची. एवढ्या लांब रेसमध्ये एका ओव्हरटेकनं काही मिळत नाही, धडकेनं मात्र पंधरा मिनिटं जातात.

पैशाचं आता सांगतो. महिन्याची मेंबरशिप १३ डॉलर, वर्षाची ११० डॉलर असा छापील भाव आहे, नवीन माणसाला सूट मिळते, म्हणून पूर्ण भावानं सुरवात करू नका. खरा खर्च कंटेंटचा. गाडी ११.९५ डॉलर, ट्रॅक १४.९५ पर्यंत. जो चालवणार त्या प्रत्येकाकडं ती गाडी आणि तो ट्रॅक स्वतःचा पाहिजे, टीममध्ये एकानं घेऊन भागत नाही. नुरबर्गरिंग २४ ला तर नॉर्डश्लाइफ आणि जीपी ट्रॅक (त्या लेआउटचे दोन भाग) दोन्ही लागतात, गाडी धरून माणशी चाळीस डॉलरच्या आसपास, म्हणजे साडेतीन हजार रुपये कुठं गेले नाहीत. त्यात कार्डाचा परदेशी व्यवहाराचा चार्ज. मेंबरशिप बंद केली की घेतलेलं वापरता पण येत नाही. आपल्याकडच्या पगारात हे महागच आहे, ह्याच्यात दुमत नाही. म्हणून आमचा ठराव असा की सगळ्यांनी एकच जीटी३ गाडी घ्यायची, वर्षाचे तीन-चार इव्हेंट आधी ठरवायचे, आणि त्याचेच ट्रॅक घ्यायचे. हौसेनं प्रत्येक गाडी घेत सुटलात तर व्हीलपेक्षा कंटेंट महाग पडेल.

ज्यांना एवढे घालायचे नाहीत त्यांच्यासाठी असेटो कोर्सा कॉम्पिटिझिओने आहे, एकदाच पैसे, स्टीमच्या सेलमध्ये स्वस्त, जीटी३ चं फीलिंग सुंदर, ड्रायव्हर स्वॅप त्यात पण आहे. पण तिथं आपला सर्व्हर आपण उभा करायचा, कुठल्या गाडीत कोण कोण बसणार त्याची यादी आधी फाइलमध्ये भरून ठेवायची, आणि समोर गाड्या पण आपल्याच ओळखीच्या गोळा करायच्या. चार दोस्तांनी रविवारी तीन तास खेळायला ते बेस्ट आहे. आयरेसिंगमध्ये तुम्ही रजिस्टर करता आणि जगभरातल्या टीम तुमच्या लेव्हलनुसार समोर उभ्या राहतात. आम्ही खालच्या स्प्लिटमध्ये (लेव्हलनुसार पाडलेल्या गटात) असतो तरी पहाटे पाचला दोन मिनिटं पुढं असलेली गाडी पकडायला जीव टाकतो, कारण ती पण आमच्यासारखीच चार माणसं कुठंतरी जागून चालवतायत.

सोबतची फुकट साधनं: बोलायला डिस्कॉर्ड, पेट्रोल आणि आजूबाजूच्या गाड्या कानात सांगायला क्रू चीफ, आणि गॅरेज ६१. हे शेवटचं टीमसाठी लईच कामाचं, चौघांचे लॅप एकावर एक ठेवून कोण कुठं वेळ घालवतो ते दिसतं. आम्हाला त्यातूनच कळालं की अण्णा डेटोनाच्या बस स्टॉप शिकेनला (पाठोपाठची उलटसुलट वळणं) सगळ्यांपेक्षा उशिरा गॅस देतात पण बाहेर सगळ्यांपेक्षा फास्ट निघतात, मग आम्ही तिघांनी त्यांचीच लाइन घेतली. कोल्हापूरचा म्हणाला, "अण्णा, तुम्ही हे आधी का सांगितलं नाही?" तर म्हणाले, "कुणी विचारलंच नाही की."

व्हीलचं म्हणाल तर लॉजिटेक जी२९ वर चोवीस तास होतात, आमच्यातले दोघे त्याच्यावरच आहेत. पैसे असतील तर आधी खुर्ची आणि पेडलचा स्टँड घट्ट करा. दोन तासात पेडल अर्धा फूट पुढं सरकलेलं असतं आणि पाठ गेलेली असते. बाजूला पाण्याची बाटली, स्टिंटच्या आधी हलकं जेवण. रात्रीसाठी आमच्याकडं कडक भाकरी आणि शेंगा चटणी दह्यासोबत, टिकतं पण, झोप पण येत नाही. चहा शेवटच्या तासात घेऊ नका, उतरता येत नाही.

सुरवात करणाऱ्यांनी थेट चोवीस तासांवर उडी मारू नये. वॉटकिन्स ग्लेन सहा तासांची असते, तीन जणांत आरामात होते, शनिवारी रात्री झोपायला पण मिळतं. ती नीट झाली की मग बाथर्स्ट किंवा सेब्रिंगचे बारा तास, आणि नंतर डेटोना.

मार्क द्यायचे तर ड्रायव्हर चेंज आणि टीम सिस्टीमला दहापैकी नऊ, किमतीला पाच, भारतीय वेळेला सात. मेंबरशिप रिन्यू करणार का? केलीये.

येत्या नुरबर्गरिंगला मावसभावाला सुट्टी नाही, आम्हाला चौथा माणूस पाहिजे. सोलापूर, बार्शी, पंढरपूर कुठलाबी चालेल, पण आपल्या लाईटवर अवलंबून नको म्हणून बाहेरगावचा असेल तर जास्त बरं. त्या रेसला लागणारं आयरेसिंगचं लायसन्स, दोन्ही ट्रॅक घेतलेले, केबलवरचं नेट, आणि एका तासात इन्सिडंट हाताच्या बोटावर. फास्ट नसला तरी चालेल. पहिलं सेशन एमएक्स-५ वर लागुनाला, होस्टेडचा खर्च आम्ही करू.